उधाण ओसरल्यावर चिखलात उतरणाऱ्यांना

ब्रिस्बेनलगतच्या मोरेटन बे या उपसागराच्या काठावरच्या कौन्सिलांमधल्या डास-नियंत्रण पथकांतील मंडळींना सप्रेम नमस्कार.

खारफुटीवर घिरट्या घालणारं फवारणीचं हेलिकॉप्टर ब्रिस्बेनमध्ये सगळ्यांना दिसतं. ते कुठे न्यायचं हे ठरवण्यासाठी त्याआधी गमबूट घालून खाजणात उतरलेली माणसं कुणाच्या नजरेस पडत नाहीत. आमचे आभार आधी त्यांना.

अमावास्या-पौर्णिमेच्या ज्या मोठ्या भरतीला कोकणात उधाण म्हणतात, तिच्यावरच एडीस व्हिजिलॅक्स या खाजणातल्या डासाचं सगळं वेळापत्रक चालतं. हिची मादी पाण्यात नव्हे, ओल्या चिखलावर गवताच्या बुडाशी अंडी घालते. ती सुकूनही टिकतात आणि भरती किंवा पाऊस वर चढला की एकदम फुटतात. ऐन उन्हाळ्यात तिथून डास उडेपर्यंत जेमतेम आठवडा. बीटीआय हे जिवाणूंपासून बनवलेलं अळीनाशक तर अळीच्या पोटात गेलं तरच मारतं. चौथ्या अवस्थेच्या अखेरीस अळी खाणं सोडते, कोष खातच नाही. म्हणजे खरं काम दोन-तीन दिवसांचं, आणि भरतीला शनिवार-रविवार कळत नाही.

म्हणूनच डिपरचं एवढं महत्त्व. साडेतीनशे मिलिलिटरचं ते पांढरं भांडं काठाच्या गवताशी हलकेच तिरकं बुडवायचं, आपली सावली पाण्यावर पडू न देता. सावली पडली की अळ्या तळाला जातात आणि भरलेलं डबकं रिकामं वाटतं. नुसती संख्या पुरत नाही, अवस्थाही लिहावी लागते: लहान अळ्या असल्या तर बीटीआय चालतं, मोठ्या झाल्या तर मेथोप्रीन हे दुसरं औषध. मेथोप्रीनने अळी मरत नाही, कोषातून डास बाहेर पडत नाही. त्यामुळे फवारणीनंतर वळवळत्या अळ्या दिसल्या म्हणजे औषध फसलं असं नव्हे. कोष त्याच पाण्यात बाटलीत ठेवून डास निघतात का ते पाहणं, हीच खरी तपासणी.

सापळ्यांचंही तसंच. कोरड्या बर्फाचा डबा, छोटा दिवा, पंखा, जाळीची पिशवी. संध्याकाळी टांगायचा, सकाळी मुंग्यांच्या आधी गाठायचा. बॅटरी रात्रीतच उतरली असेल तर ‘शून्य डास’ या नोंदीला काही अर्थ नाही.

धुराची गाडी का फिरवत नाही, असं आपल्याकडचे लोक हमखास विचारतात. धुराने त्या घटकेला हवेत असलेले डास मरतात. व्हिजिलॅक्स कित्येक किलोमीटर उडून दुसऱ्या रात्री पुन्हा हजर. रॉस रिव्हर विषाणू आणि त्याची सांधेदुखी पसरवणाऱ्या डासांत तीही आहे, आणि त्यावर लस नाही.

आणखी एका संयमाबद्दल आभार. 1985 मध्ये कूमेरा बेटावर आजमावलेल्या उथळ चरांची पद्धत इथे टिकली. खोली फार तर 30 सेंटिमीटर, रुंदी तिच्या तिप्पट, पाण्याच्या मूळ वाटेनेच. भरती अळ्या वाहून नेते, मासे आत येतात. खोल खणणं वरकरणी सोपं. पण तळच्या मातीतल्या पायराइटला (लोह-गंधकाच्या खनिजाला) हवा लागली की गंधकाम्ल तयार होतं आणि पुढच्या पावसात खाडीतले मासे मरतात.

लक्ष्मीपूजन अमावास्येला, म्हणजे पाडवा-भाऊबीजेच्या सुमारास तुमची धावपळ. परवानगी असेल तर फराळाचा डबा डेपोवर आणून देऊ.

आपले,
ब्रिस्बेनमधले काही मराठी कीटक-अभ्यासक