यूव्ही लॅम्प वारंवार जळण्याबाबत आणि सदोष एक्झॉस्ट जोडणीबाबत तक्रार

दिनांक : १३ जानेवारी २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
विक्रीपश्चात सेवा विभाग

विषय : शीट कोटिंग यंत्राच्या एक्झॉस्टची (लॅम्पभोवतीची गरम हवा बाहेर ओढणाऱ्या व्यवस्थेची) सदोष उभारणी व त्यामुळे निकामी झालेले तीन लॅम्प

महोदय,

भोसरी येथील आमच्या कार्टन छपाईच्या कारखान्यात आपण ऑगस्ट २०२४ मध्ये उभारून दिलेल्या यंत्राचे, कोटिंग सुकवणारे तीन यूव्ही पारा-लॅम्प आतापर्यंत निकामी झाले आहेत. हमी १००० तासांची असताना ते अनुक्रमे ३१०, २६० आणि १९० तास चालले. पहिल्या वेळी आपण बोटांचे ठसे हे कारण दिले, दुसऱ्या वेळी विजेचा कमीजास्त दाब, आणि तिसऱ्या पत्राला अद्याप उत्तर नाही. तिन्ही लॅम्पचे पैसे मात्र आम्हीच भरले.

ठशांचा मुद्दा एरवी खोटा नाही. घामातील क्षार लॅम्पच्या तापलेल्या क्वार्ट्झ काचेच्या नळीत भाजले जातात आणि तिथे पांढरा डाग पडतो, हे आम्हीही जाणतो. म्हणूनच आमचा ऑपरेटर हातमोजे घालून, लॅम्प आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसूनच बसवतो. परंतु ठशाचा डाग बोटाएवढा असतो. आमच्या लॅम्पची वरची बाजू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दुधाळ झाली आहे, नळी मध्यभागी खाली वाकली आहे आणि दोन्ही टोकांच्या सीलमधील (नळीच्या बंद केलेल्या टोकांमधील) वीज आत नेणारी मॉलिब्डेनमची पट्टी काळी पडली आहे. नळी ६०० ते ८०० अंश सेल्सिअसला चालत असली, तरी सीलचे तापमान ३५० अंशांच्या आत राहावे लागते. ते राहिले नाही, म्हणजे लॅम्प थंड ठेवणारी हवा कमी पडली.

ती का कमी पडली, हे आपल्या अभियंत्याऐवजी आमच्या वायरमनने शोधले. साफसफाईसाठी छतावर चढला असता त्याला दिसले, की ब्लोअरच्या आवरणावरील बाण एकीकडे आणि पंख्याचे फिरणे दुसरीकडे आहे. उभारणीच्या वेळी मोटरच्या तीनपैकी दोन फेजच्या तारा उलट जोडल्या गेल्या होत्या. सेंट्रिफ्यूगल ब्लोअर उलटा फिरला तरी हवा त्याच दिशेने ओढतो, फक्त बरीच कमी ओढतो. त्यामुळे चूक सहज लक्षात येत नाही. आपल्या अभियंत्याने शीट आत जाण्याच्या फटीपाशी कागदाचा कपटा धरला, तो आत ओढला गेला, आणि त्याने सर्व्हिस रिपोर्टवर ‘एअरफ्लो ओके’ असे लिहून सही केली. हवेची ओढ मोजणारी साधी पाण्याची यू-नळी लावली असती तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. आम्ही ती लावली : आपल्या पुस्तिकेत पाण्याच्या पातळीतील फरक ४० मिमी दिला आहे, प्रत्यक्षात १४ मिमी भरले. फेज बदलल्यावर २६ झाले, त्यापुढे सरकेना.

उरलेली तूट डक्टची, म्हणजे हवा बाहेर नेणाऱ्या नळीची आहे. आपल्या आराखड्यात आठ इंची डक्ट, पाच मीटर लांबी आणि एक बेंड आहे. बसवलेली डक्ट सहा इंची, चौदा मीटर आणि चार काटकोनी बेंडची आहे. तेवढीच हवा आठऐवजी सहा इंची नळीतून न्यायची तर दर मीटरमागे दाबाची घट चौपटीहून अधिक होते; लांबी आणि बेंड यांचा हिशेब त्यावर वेगळाच.

याहून गंभीर बाब पॅनलमध्ये सापडली. हवा कमी पडताच लॅम्प बंद करणारा प्रेशर स्विच तारेच्या लहानशा तुकड्याने बायपास केलेला होता. पॅनलला आपले सील होते, त्यामुळे हा तुकडा आमचा असू शकत नाही. स्विच चालू असता तर पहिल्याच दिवशी यंत्र थांबले असते आणि दोष तेव्हाच उघडा पडला असता. मधल्या काळात लॅम्पच्या किरणांमुळे हवेत तयार होणारा ओझोन वायू फटीतून बाहेर येत राहिला. शीट उचलणाऱ्या दोन महिला कामगारांनी घसा खवखवतो, डोके दुखते, असे वारंवार सांगितले. कारखाने अधिनियम, १९४८ च्या दुसऱ्या अनुसूचीत ओझोनची आठ तासांची मर्यादा दहा लाख भागांत ०.१ भाग एवढीच आहे.

यावर आपल्या सेवा केंद्राने दूरध्वनीवरून दिलेला सल्लाही नोंदवून ठेवतो : ‘हाउसिंगचे (लॅम्पच्या पेटीचे) दार उघडून समोर पेडेस्टल फॅन लावा.’ उघड्या लॅम्पच्या अतिनील किरणांनी डोळ्यांना इजा होते, शिवाय एकाच बाजूने जोराचा वारा लागला तर नळी तिथे अति थंड होऊन पाऱ्याची वाफ पुन्हा द्रवरूप होऊ लागते आणि कोटिंग ओलेच राहते. हा सल्ला आम्ही पाळला नाही.

तरी आपण आराखड्याप्रमाणे आठ इंची डक्ट स्वखर्चाने बसवावी, प्रेशर स्विच पूर्ववत करून ४० मिमी दाबाचे मोजमाप आमच्यासमोर लेखी नोंदवावे, तिन्ही लॅम्पची किंमत परत करावी आणि कोटिंगची वाफ बसून धुरकट झालेले दोन्ही रिफ्लेक्टर बदलून द्यावेत, ही विनंती. करारातील शेवटचे दहा टक्के हे काम पूर्ण होईपर्यंत आम्ही राखून ठेवत आहोत. यू-नळीच्या दोन्ही नोंदी, पॅनलमधील तारेचे छायाचित्र आणि सर्व्हिस रिपोर्टची प्रत सोबत जोडली आहे. तिसरा लॅम्प तपासणीसाठी आमच्याकडे खोक्यात ठेवला आहे. तो नेताना कृपया पोच द्यावी.

आपला,
(स्वाक्षरी)
भागीदार, कार्टन छपाई विभाग, भोसरी, पुणे