बेलम गुहेतील लवणस्तंभ वाजवू नयेत

महोदय,

दिवाळीच्या सुट्टीत आंध्रातल्या गंडिकोट्याच्या किल्ल्याला जोडून बेलम गुहा पाहण्याचे बेत घरोघरी आखले जातील. आंध्रच्या नंद्याल जिल्ह्यातली ही गुहा ३,२२९ मीटर लांब असून त्यातला सुमारे दीड किलोमीटरचा भाग पर्यटकांना खुला आहे. आपल्याला गुहा म्हटले की अजिंठा-वेरूळ आठवते. ती लेणी माणसाने बेसॉल्टमध्ये कोरली. तिथले काम संपलेले आहे. बेलम चुनखडकात आहे, ती पाण्याने घडवली आणि अजून घडते आहे.

मातीतून झिरपताना पावसाचे पाणी कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्ल होते, चुनखडक विरघळवते आणि गुहेच्या छताशी येऊन थांबते. तिथे वायू निसटतो आणि चुन्याचा कण मागे राहतो. त्यातून लवणस्तंभ तयार होतात. (नावात लवण असले तरी त्यांत मीठ नसते.) साधारण वेग वर्षाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका, म्हणजे वीतभर तुकडा मोडला तर सुमारे दोन हजार वर्षे गेली. नुसता हात लागला तरी त्वचेचे तेल बसते, पाणी त्यावरून घसरते, वाढ थांबते आणि ती जागा काळी पडते.

म्हणूनच ‘सप्तस्वर’ दालनाची काळजी वाटते. तिथले स्तंभ लाकडाने किंवा बोटांच्या पेरांनी ठोकले की धातूसारखे वाजतात, आणि ते वाजवून पाहणे हेच तिथले आकर्षण होऊन बसले आहे. प्रत्येक ठोक्याने बारीक भेग वाढू शकते. ध्वनिमुद्रण करून ते ऐकवता येईल. दिवेही गट दालनात असेपर्यंतच लावावेत. सतत उजेड पडला की दिव्याभोवती शेवाळ धरते आणि त्यातली आम्ले चुनखडक खातात.

पर्यटकांनीही तयारीने जावे. गुहेतले तापमान त्या प्रदेशाच्या वार्षिक सरासरीजवळ राहते, आणि रायलसीमेची सरासरीच उष्ण. त्यात हवा दमट, त्यामुळे घाम वाळत नाही आणि जीव लवकर घाबरा होतो. नळांतून आत ताजी हवा सोडली जाते, तरी गर्दीत ती अपुरी वाटते. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी सकाळी उघडताच जावे, दम लागू लागताच मागे फिरावे. सैल सुती कपडे, रबरी तळाचे बूट, कपाळावर बांधायची बॅटरी. पाठीवरची पिशवी नको. अरुंद वाटांत वाकताना तीच भिंतीला घासते. पाणी आधी पिऊन घ्यावे. पाताळगंगा हा गुहेतला सर्वांत खोल भाग ४६ मीटर खाली आहे, म्हणजे पंधरा मजले. उतरणे सोपे, चढताना पाय भरून येतात. वीज गेली तर आहे तिथेच उभे राहावे.

सहली नेणाऱ्या मराठी पर्यटन संस्थांनी या सूचना बसमध्येच सांगाव्यात. गुहेच्या तोंडाशी त्या ऐकायला कोणी थांबत नाही.

– एक भूशास्त्र अभ्यासक, पुणे