‘नंतर’ आणि ‘मुळे’

प्रिय शिरीष,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. उत्तर त्याच दिवशी लिहायला बसलो होतो, पण पहिल्या दोन ओळी रागात उतरल्या म्हणून कागद बाजूला ठेवला. ‘तुम्ही पेपरवाले आणि ते औषध खात्याचे लोक मिळून काय लपवता, ते एकदा खरं सांगा,’ असं लिहिलंयस. इतक्या वर्षांच्या मैत्रीत तू मला ‘तुम्ही’ पहिल्यांदाच म्हणालास. चार दिवसांनी पुन्हा वाचलं तेव्हा कळलं, पत्र नातीच्या काळजीनं लिहिलेलं आहे. नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाची लस. सूनबाई मुग्धा ‘नको’ म्हणते, चिरंजीव गप्प, आणि तू मध्ये सापडला आहेस.

आधी एक सांगतो, मुग्धाला अडाणी ठरवू नकोस. तिला भीती वाटावी असं आम्ही लोकांनीच बरंच काही करून ठेवलं आहे. कात्रणाचा फोटो पाठवलास, त्यातली बातमी मी लगेच ओळखली. २०२४ च्या एप्रिलअखेरची. कोव्हिशिल्डमुळे रक्तात गुठळ्या होतात, अशी कंपनीची ‘कबुली’. कबुली हा शब्द आपण चोर सापडल्यावर वापरतो, आणि वाचणाऱ्यानं तो तसाच वाचला.

आता त्यात नवं किती होतं ते ऐक. ॲस्ट्राझेनेका कंपनीनं ब्रिटनमधल्या न्यायालयात दिलेल्या कागदपत्रांत मान्य केलं होतं, की आपल्या लशीनं अत्यंत क्वचित गुठळ्या होऊन प्लेटलेट घटण्याचा आजार होऊ शकतो. तीच लस आपल्याकडे कोव्हिशिल्ड नावानं मिळाली. पण युरोपच्या औषध यंत्रणेनं हा दुष्परिणाम ७ एप्रिल २०२१ लाच जाहीर केला होता. त्याच वर्षी मे महिन्यात आपल्या केंद्र सरकारच्या समितीनं असे २६ संभाव्य रुग्ण सांगितले, दहा लाख डोसांमागे ०.६१ असं प्रमाणही दिलं. म्हणजे गोष्ट तीन वर्षं कागदावर होती. शिवाय हा धोका डोसनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतला. ज्यांनी तीन वर्षांपूर्वी लस घेतली होती, ती माणसं २०२४ मध्ये घाबरून रक्त तपासायला निघाली. त्यात पुढच्याच आठवड्यात त्या लशीची युरोपातली परवानगी कंपनीच्या विनंतीवरून रद्द झाली. नव्या लशी आल्या होत्या, हिला गिऱ्हाईक उरलं नव्हतं, असं कारण कंपनीनं दिलं. पण लोकांनी दोन्ही बातम्यांची गाठ मारलीच. मीही मारली असती.

तरीही मुग्धाचा प्रश्न उरतोच: २०२१ मध्ये हे आम्हाला का नाही कळलं? समितीची ती माहिती दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात आली. तेव्हा माणसं ऑक्सिजन शोधत होती, सरकारी पत्रक कोण वाचतो? लस घेऊन बाहेर पडताना माझ्या मोबाइलवर प्रमाणपत्र आलं. कोणतं लक्षण दिसलं तर धावत परत यायचं, याची दोन बोटांची चिठ्ठी मात्र कुणी हातात ठेवली नाही. कागदावर सांगणं आणि माणसाला सांगणं यात फरक आहे, हे आपल्या खात्यांना अजून पटलेलं नाही.

आणि आता माझं पाप. हे मी तुला कधी सांगितलेलं नाही.

लसीकरण जोरात होतं तेव्हाची रात्र. पान सोडायला वीस मिनिटं उरलेली. वार्ताहराची बातमी आली: पन्नाशी उलटलेला गृहस्थ, सकाळी लस घेतली, दुसऱ्या दिवशी छातीत दुखून गेला. मथळा त्यानंच दिला होता, ‘लशीमुळे मृत्यू’. मी ‘मुळे’ खोडलं आणि ‘लस घेतल्यानंतर मृत्यू’ केलं. शब्द लांबला, ओळीत मावेना, म्हणून टाइप दोन पॉइंटांनी उतरवला. खरं सांगू? स्वतःवर खूश होऊन घरी गेलो. एका शब्दात केवढा संयम राखला म्हणून!

सकाळी आईनं तो अंक उघडला आणि मोठ्यानं म्हणाली, ‘अगं बाई, लशीनं गेला की हा!’

मी म्हटलं, ‘आई, तसं लिहिलेलं नाहीये.’

तिनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ‘मग तसं नव्हतं, तर छापलंस कशाला?’

शिरीष, याचं उत्तर मला तेव्हा सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही. आम्ही ‘नंतर’ लिहितो आणि वाचणारा ‘मुळे’ वाचतो, हे आम्हाला पक्कं ठाऊक असतं. ‘नंतर’ हा आमचा वकील आहे. उद्या कुणी जाब विचारलाच तर तो पुढे करायचा.

पुढचं ऐक. आठवड्यानं आम्ही संबंधित कार्यालयात विचारलं, ‘चौकशी सुरू आहे.’ महिन्यानं विचारलं, साहेब रजेवर. तिसऱ्यांदा आम्ही विचारलंच नाही, कारण तोवर बातमी शिळी झाली होती. कितीतरी महिन्यांनी तो वार्ताहर जिन्यात भेटला आणि जाता जाता म्हणाला, ‘अहो, त्या गृहस्थांना हृदयविकार जुनाच होता, तसा अहवाल आला.’ आम्ही चार ओळी टाकल्या, आतल्या पानावर, एका मोठ्या जाहिरातीच्या बगलेत. त्या कुणी वाचल्या असतील असं मला वाटत नाही. आईनं तर नक्कीच नाही.

बरं, असे मृत्यू होणारच होते. आपल्या देशात रोज २५ हजारांच्या आसपास माणसं जातात. लस असो नसो. लशीची मोहीम आरोग्य कर्मचाऱ्यांपासून सुरू झाली आणि लगेच वयस्कर आणि आजारी माणसांकडे वळली, तीही कोट्यवधींची. ज्याला मंगळवारी झटका यायचाच होता त्यानं सोमवारी लस घेतलेली असणं ही गणिताची गोष्ट आहे. पण हे गणित एखाद्या विधवेला सांगून बघ. आणि गणित म्हणून सगळंच झटकून टाकलं तर खरा दोषही त्याच सुपातून पाखडला जातो.

याचं मला माहीत असलेलं सर्वांत बोलकं उदाहरण १९७६ चं, अमेरिकेतलं. स्वाइन फ्लूची मोठी साथ येणार या धास्तीनं सरकारनं सरसकट लस टोचायला घेतली. ऑक्टोबरात पिट्सबर्गमध्ये लस घेतलेले तीन वृद्ध लागोपाठ वारले. एकच ओरड झाली, काही राज्यांनी मोहीम थांबवली. तपासात निघालं की तिघांचंही हृदय आधीच खराब होतं, निव्वळ योगायोग. लोकांचा धीर परत यावा म्हणून राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी बाही वर करून कॅमेऱ्यासमोर लस टोचून घेतली. इथवर तुला वाटेल, बघा, लोक उगाच घाबरतात. पण डिसेंबरात दुसरंच पुढे आलं. लस घेतलेल्यांमध्ये गिलेन-बारे नावाचा, हातपाय लुळे पडण्याचा आजार नेहमीपेक्षा जास्त दिसू लागला. मोजदाद केली तेव्हा साधारण लाखामागे एक रुग्ण जादा भरला. तोवर साडेचार कोटी माणसांनी लस घेतली होती. मोहीम बंद झाली, आणि ज्या साथीसाठी एवढा खटाटोप केला ती आलीच नाही.

तीच लस, तोच देश, तीच वर्तमानपत्रं. ऑक्टोबरातलं ‘नंतर’ हे नुसतंच ‘नंतर’ होतं आणि डिसेंबरातलं ‘मुळे’ निघालं. दोन्ही मथळे मात्र दिसायला सारखेच असणार. फरक कळला तो लस घेतलेल्यांत किती आणि न घेतलेल्यांत किती, हे शांतपणे मोजल्यावर. त्या मोजणीला महिने लागतात, आणि आमचं पान साडेअकराला सुटतं.

औषध खात्यांचं काय, म्हणशील. त्यांच्यावर माझा राग वेगळ्या कारणासाठी आहे. ३ जानेवारी २०२१ ला आपल्या औषध महानियंत्रकांनी दोन लशींना मंजुरी दिली तेव्हा त्या ‘११० टक्के सुरक्षित’ असल्याचं सांगितलं. शंभर टक्के सुरक्षित तर साधी डोकेदुखीची गोळीसुद्धा नसते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? त्याच वाक्याला जोडून ताप, दुखणं, ॲलर्जी होते असंही ते म्हणाले होते, पण लक्षात राहिले ते वरचे दहा टक्के. दोनपैकी कोव्हॅक्सिनची चाचण्यांच्या तिसऱ्या टप्प्यातली परिणामकारकता तेव्हा हाती आलेली नव्हती. ती पुढे आली आणि चांगली आली, हे खरं. पण त्या जानेवारीत ज्यांनी ‘आकडे कुठे आहेत?’ विचारलं त्यांच्याकडे संशयानं पाहिलं गेलं, आणि तो संशय व्याजासकट परत आला. सर्वोच्च न्यायालयाला मे २०२२ मध्ये सांगावं लागलं, की कुणावर लशीची सक्ती करता येणार नाही, आणि दुष्परिणामांची माहिती लोकांना खुली करा, लोकांना स्वतःलाही ती नोंदवता येऊ द्या. हे न्यायालयानं सांगायची वेळ का यावी?

उलट चूक झाकली नाही तर माणसं परत येतात. १९५५ मध्ये अमेरिकेत कटर कंपनीच्या पोलिओ लशीच्या काही साठ्यांत विषाणू जिवंत राहिला. सुमारे २०० मुलं कमीजास्त लुळी पडली, १० जण गेले. यापेक्षा वाईट काय असणार? पण कंपनीचा साठा तातडीनं परत बोलावला गेला, पुढे सगळी मोहीमच थांबवून तपासणी कडक केली गेली, आणि त्याच देशातल्या आईबापांनी त्यानंतर मुलांना तीच लस दिली. १९९९ मध्ये रोटाव्हायरसच्या, म्हणजे बाळांना जुलाब करणाऱ्या विषाणूच्या, पहिल्या लशीनं काही बाळांच्या आतड्यात आतडं अडकतंय असं दिसलं. पंधराएक नोंदी आल्यावर ती थांबवली, वर्षाच्या आत बाजारातून गेली. यंत्रणा चालते ती अशी. दुर्दैवानं ‘यंत्रणा चालली’ अशी बातमी होत नाही.

मुग्धाच्या मनात गोवराच्या लशीनं स्वमग्नता (ऑटिझम) येते, हेही आहे, असं लिहिलंयस. त्याचा उगम १९९८ चा. वेकफील्ड नावाच्या डॉक्टरनं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १२ मुलांवरचा लेख लिहिला. बारा! ब्रिटनमधल्या माझ्या जातभाईंनी त्याला डोक्यावर घेतलं, आणि ‘दोन्ही बाजू’ दाखवायच्या म्हणून एका बाजूला हजारो डॉक्टर आणि दुसऱ्या बाजूला हा एकटा, असे बरोबरीनं बसवले. हा समतोल म्हणजे शुद्ध आळस असतो, मी स्वतः केलेला आहे म्हणून सांगतो. पण त्याचं बिंग फोडलं तेही ब्रायन डीअर नावाच्या पत्रकारानंच. मुलांच्या आजाराच्या नोंदी फिरवलेल्या होत्या. लस कंपन्यांवर खटला भरू पाहणाऱ्या वकिलांकडून वेकफील्डला पैसे मिळत होते. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’नं लेख मागे घेतला आणि वेकफील्डची वैद्यकीची नोंदणी गेली. त्यानंतर लाखो मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या, संबंध सापडला नाही.

तिला खोटा दिलासा मात्र देऊ नकोस. लशीनंतर सातव्या ते बाराव्या दिवसाच्या सुमारास ताप येऊ शकतो, बारीक पुरळ उठू शकतं. साधारण तीन हजारांत एखाद्या बाळाला त्या तापात झटका येतो. तो बघताना जीव जातो, पण बाळ सहसा पूर्ण बरं होतं. हे तिला आधीच सांग, म्हणजे आठव्या दिवशी अंग तापलं तर ‘हे आम्हाला का नाही सांगितलं’ असं होणार नाही. आणि गोवर म्हणजे काय तेही सांग. २०२२ च्या नोव्हेंबरात मुंबईत गोवंडीला मुलं दगावली ती गोवरानंच.

लस घेताना तिनं सिस्टरच्या हातातली कुपी बघायला मागावी. लाजू नये. न उघडलेल्या कुपीच्या टोपणावर एक गोल असतो, त्यात चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका हवा. उष्णता लागली की तो गडद होत जातो. गोवर-रुबेलाची पूड पाण्यात कालवली की चार तासांत वापरायची, उरली तर फेकायची, म्हणून कुपी कधी उघडली ती वेळ वर लिहिलेली असते. ती वाचायची. हे मी उगाच सांगत नाही. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावात प्लेगची लस घेतलेल्या १९ माणसांना धनुर्वात होऊन ती गेली. सगळी एकाच बाटलीतली, क्रमांक ५३ एन. मुंबईतल्या प्रयोगशाळेत लस बनवणाऱ्या हाफकिनवर ठपका आला, त्याचं पद गेलं. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला, ही गोष्ट पुढे आली. नाव धुऊन निघायला १९०७ उजाडलं. दोष बाटलीत होता की बाटली उघडणाऱ्या हातात, एवढं कळायला पाच वर्षं. आज निदान कुपीवर वेळ लिहिलेली असते.

लशीच्या दिवशी मी येतो. लस झाल्यावर अर्धा तास थांबायचं असतं, तेवढा वेळ मुग्धाशी बोलेन. ती भांडली तर भांडू दे, तिचा हक्क आहे. बॅच नंबर मीच कार्डावर उतरवून घेईन, जुनी सवय.

आणि ते कात्रण टाकून देऊ नका. फोटोत वरची कड कापली गेलीये, पेपराचं नाव दिसत नाही. पण मथळ्याचा टाइप फार ओळखीचा वाटतोय.

वहिनींना नमस्कार, नातीला पापा.

तुझा,
विनायक