बारा-तेरा हजार पगारवाल्याचा पीटी माफ करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये अकाउंट्स बघतो, पगाराची शीट मीच काढतो. त्यातला पीटीचा, म्हणजे व्यवसाय कराचा कॉलम खूप खटकतो म्हणून लिहितोय.

महाराष्ट्रात पुरुषाचा पगार महिन्याला 7500 च्या वर गेला की 175 रुपये कापायचे, 10 हजाराच्या वर गेला की 200, आणि फेब्रुवारीत 300, म्हणजे वर्षाचे बरोबर 2500 होतात. आता आमचा हेल्पर 13 हजारावर आहे त्याचे 2500 आणि हिंजवडीत महिन्याला दोन लाख घेणाऱ्याचेही 2500च! हेल्परच्या कमाईतले दीड टक्क्याहून जास्त गेले आणि त्या साहेबाचा जेमतेम 0.1 टक्का. केंद्र सरकार आता नव्या रिजीममध्ये वर्षाला 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला इन्कम टॅक्स लावत नाही, आणि आपलं राज्य मात्र वर्षाला दीड लाख कमावणाऱ्याकडूनही घेतं, हे कुठलं गणित?

वरच्याकडून जास्त घेता येत नाही हे मान्य आहे, घटनेच्या कलम 276 मध्ये वर्षाला 2500 ची मर्यादा आहे आणि ती 1988 पासून तशीच आहे, ते दिल्लीच्या हातात. पण खालची मर्यादा तर मुंबईतच ठरते ना? 2023 च्या बजेटमध्ये फडणवीस साहेबांनी महिलांसाठी ती 10 हजारावरून 25 हजारावर नेली, फार चांगलं केलं, आमच्या पॅकिंगमधल्या ताईंचे पैसे तेव्हापासून वाचतात. पण त्याच टेबलावर तेवढ्याच पगारात काम करणाऱ्या पोराचे कापले जातात आणि त्याने विचारलं "माझे का?" की मला उत्तर देता येत नाही. 7500 ची मर्यादा 2014 पासूनची आहे, तेव्हापासून खोलीभाडं, गॅस, डाळ सगळं कुठल्या कुठे गेलं.

हा कर 1975 साली रोजगार हमीसाठी सुरू झाला, शहरातल्या कमावत्या माणसाने गावातल्या मजुराच्या कामाला हातभार लावायचा, ही कल्पना मला आजही मोठी वाटते आणि कर बंद करा असं मी अजिबात म्हणत नाही. पण आमच्याकडचे निम्मे हेल्पर बीड, लातूरकडून आलेत, त्याच मजुरांची पोरं आहेत ती. त्यांच्याच खिशातून काय घेताय?

छोट्या धंदेवाल्यांचंही तेच, भागीदारीत टपरीएवढं दुकान असलं तरी प्रत्येक भागीदाराला वेगळे 2500 भरावे लागतात, धंदा झाला की नाही कोणी विचारत नाही. त्यावर सवडीने विचार करा, पण पगारदारांचं काम तर लगेच होण्यासारखं आहे. अर्थमंत्र्यांनी येत्या बजेटमध्ये 25 हजारांची मर्यादा सगळ्यांना सरसकट लावावी आणि ती एप्रिलच्या पगारापासूनच लागू करावी ही कळकळीची विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, भोसरी