नको असलेली भाषा

टिळकवाडी, बेळगाव
रविवार, रात्री

प्रिय बाळ्या,

तुझे चार मिस्ड कॉल बघितले. रागावू नकोस. आठवडाभर पतसंस्थेच्या मेल सर्व्हरनं पिदडलं, आज सुटलो. आणि चूक कुणाची निघाली ते तुझ्याखेरीज कुणाला सांगायची सोय नाही.

सोमवारी निपाणीचे एक सभासद भर पावसात बसनं आले. तंबाखूचे व्यापारी. ओली छत्री काउंटरला टेकवली, प्लास्टिकच्या पिशवीतून मोबाईल काढून माझ्यापुढं धरला. "ठेवीचं रिन्यू करा म्हणून तीन मेल केलो. उत्तर काय येइना. बघता की नाही तुम्ही?" तिन्ही मेल शुद्ध मराठीत, आणि तिन्ही जंकमध्ये पडलेले.

मेलचं हेडर, म्हणजे त्याच्या प्रवासाच्या नोंदी, उघडलं. स्पॅम ओळखणाऱ्या आमच्या स्पॅमअसॅसिन फिल्टरनं दिलेले गुण ६.३, मर्यादा ५; वर गेलं की जंक. त्यातले २.८ एकाच नियमाचे, नको असलेल्या भाषेबद्दल. त्याला टेक्स्टकॅट नावाचं प्लगिन, म्हणजे जोडभाग, आहे. ते मजकुरातल्या अक्षरांच्या जुळणीवरून भाषा ताडतं आणि ती परवानगीच्या यादीत नसली की गुण चढवतं. मुळात हे प्लगिन बंद असतं, मुद्दाम चालू करावं लागतं. यादीतही आपसूक सगळ्या भाषा असतात. मग तिथं नुसतं 'इंग्लिश' कुणी लिहिलं? वरच्या कमेंटमध्ये माझंच नाव! रशियन-चिनी मेलांचा पूर आला होता तेव्हा वैतागून लिहिलेलं. सीमाभागात जन्म गेला, भाषेच्या वादावाचून एक निवडणूक बघितली नाही, आणि मराठीला दार लावलं कुणी, तर मी. हस लेका.

ओळ काढली. निपाणीकरांचे मेल आत आले, पण खानापूर शाखेचे जंकमध्येच. तिथली क्लार्क विषयाची ओळ कधीच लिहीत नाही, त्याचे थोडे गुण. खरा बोजा मात्र फिल्टरच्या बेझ नावाच्या भागाचा, ३.५. हा भाग शब्द शिकत जातो: किमान २०० चांगले आणि २०० स्पॅम मेल शिकल्याशिवाय तोंड उघडत नाही, पण उघडलं की छातीठोक. रोज रात्री जंकचा अख्खा फोल्डर स्पॅम म्हणून त्याला शिकवायचा क्रॉनही, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम, मीच लावलेला. जंकमध्ये आधी प्लॉटविक्रीच्या मराठी जाहिराती होत्या. चांगल्या मेलांत मराठी जवळजवळ नव्हतीच. म्हणजे 'आहे' आणि 'आणि' हेसुद्धा गुन्हेगार ठरले! मग सभासदांचे मेल जंकमध्ये, रात्री पुन्हा तोच धडा.

शंभरेक चांगले मराठी मेल गोळा करून एसए-लर्नला, म्हणजे बेझला शिकवणाऱ्या कमांडला, दिले. 'शिकलो' म्हणाला. फरक शून्य. दोन दिवस, बाळ्या, दोन दिवस मी त्या आकड्याकडं बघत बसलो. शेवटी लक्षात आलं, मी रूट, म्हणजे सर्व्हरचा मुख्य युजर, होऊन शिकवत होतो. शिकवणी रूटच्या वहीत गेली. फिल्टर चालतो दुसऱ्या युजरखाली, त्याची वही वेगळी. त्या युजरखाली जाऊन तेच मेल पुन्हा शिकवले. एक सोय बरी आहे, स्पॅम म्हणून शिकलेला मेल चांगला म्हणून दिला की जुनी नोंद तो स्वतःच पुसतो. क्रॉन बंद केला. आता माणसानं बघून वेगळ्या फोल्डरात टाकलेलंच स्पॅम शिकवतो.

यादीत मराठी घालून प्लगिन ठेवावं असंही वाटलं होतं. पण प्लगिनला ओळखता येणाऱ्या भाषांत मराठी आहे, हिंदी आहे, संस्कृतही आहे, कन्नड नाही. आमच्याकडं निम्मी पत्रं कन्नडमध्ये येतात. प्लगिनच बंद करून टाकलं.

खानापूरच्या क्लार्कला फोन करून सांगितलं, बाई, विषय लिहीत चला. काल तिचा मेल थेट इनबॉक्समध्ये आला. विषयाच्या जागी लिहिलं होतं, 'विषय'.

गणपतीला येतोयस ना? कुंदा आणून ठेवतो.

तुझा,
बंड्या