साताऱ्याचा ‘ऱ्या’ कोण तपासणार?

मा. संपादक,
स. न.

मोफत सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की ‘डाउनलोड करा’ अशी चौकट वर्तमानपत्रात येते. त्याआधी ती तपासली जाते त्या आठवड्यांबद्दल मात्र कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

माझं साताऱ्यात डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, अर्ज, बहुतेक काम लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरवर होतं. नवी आवृत्ती दिसली की मी आधी ‘साताऱ्याच्या’, ‘सातबाऱ्याचा’, ‘वऱ्हाडी’ हे शब्द टाइप करून पाहतो. हा ‘ऱ्या’ युनिकोडमध्ये (कॉम्प्युटरवर अक्षरं साठवायच्या प्रमाण पद्धतीत) दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकात नुक्त्याचा र, दुसऱ्यात साधा र आणि मध्ये न दिसणारा जोडक. कागदावर दोन्ही सारखेच, पण शोधायला गेलं की एक सापडतो आणि दुसरा हुलकावणी देतो. मग पीडीएफ काढायची, त्यातला मजकूर कॉपी करून परत चिकटवायचा आणि अक्षरं शाबूत आहेत का बघायचं. पाच मिनिटांचं काम. पण मराठी टाइप करणाऱ्यानं केलं तरच होणार.

ओपन सोर्समध्ये, म्हणजे मूळ कोड सगळ्यांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, हे तपासायला रीतसर मुदत असते. अपाची फाउंडेशन या ओपन सोर्स संस्थेच्या प्रकल्पांत प्रत्येक आवृत्तीवर मतदान होतं. ते सहसा निदान 72 तास खुलं ठेवतात. प्रकल्प समितीतल्या किमान तिघांचा होकार लागतो आणि नकारापेक्षा होकार जास्त असावे लागतात. आमच्या वार्षिक सभेत ‘मंजूर, मंजूर’ म्हणत ठराव पुढे सरकतात, तसलं हे मतदान नव्हे. होकार देणाऱ्यानं डिजिटल सही केलेलं सोर्स पॅकेज (मूळ कोडचा गठ्ठा) स्वतःच्या मशीनवर उतरवून, बिल्ड करून (त्यातून चालणारा प्रोग्राम बनवून), चालवून पाहायचं असतं. समितीबाहेरच्या माणसालाही मत देता येतं. ते मोजणीत धरत नाहीत, पण त्यानं दाखवलेला दोष खरा निघाला तर पॅकेज मागे घेऊन नवं काढता येतं. नियमाला तीन मतं पुरतात, मराठीला पुरत नाहीत, असं माझं मत. त्या तिघांत देवनागरी लिहिणारा असेलच असं नाही.

लिब्रेऑफिसमध्ये असं मतदान नाही. तिथे रिलीज कँडिडेट, म्हणजे अंतिम आवृत्तीचे उमेदवार, निघतात, आणि शेवटच्यात गंभीर काही सापडलं नाही तर तोच अंतिम म्हणून जाहीर होतो.

‘कोणीतरी तपासतंच की’ म्हणणाऱ्यांसाठी 2024 च्या मार्चमधली एक्सझेड या फाइल आकसवणाऱ्या ओपन सोर्स प्रोग्रामची गोष्ट सांगतो. 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत चोरदरवाजा घातलेला होता, आणि तो चालू करणारा एक तुकडा फक्त रिलीजच्या पॅकेजमध्ये होता, सार्वजनिक कोडच्या साठ्यात नव्हताच. अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या डेव्हलपरला एसएसएच लॉगिनला (दुसऱ्या मशीनवर सुरक्षितपणे शिरायला) अर्धा सेकंद जास्त लागतोय एवढंच खटकलं, त्यानं पिच्छा सोडला नाही, आणि सगळं उघडं पडलं. डेबियन या लिनक्स सिस्टिमच्या स्थिर आवृत्तीपर्यंत ते पोचलं नव्हतं, कारण तिथे नवं पॅकेज आधी ‘अनस्टेबल’ आणि ‘टेस्टिंग’ या चाचणीच्या टप्प्यांत राहतं. मुदतीचा फायदा हा असा. पण मुदत नुसती असून भागत नाही. अर्ध्या सेकंदानं अस्वस्थ होणारा माणूसही लागतो.

आपल्या जिल्ह्यातल्या कॉलेजांत कॉम्प्युटरची मुलं प्रॅक्टिकलच्या वहीत तेच ते प्रोग्राम उतरवतात. त्यांना एक रिलीज कँडिडेट द्या. कामाच्या मशीनवर नको, जुन्या पीसीवर. सापडलेला दोष कळवताना आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम, फॉन्ट, कशानंतर काय केलं ते ओळीनं, आणि नमुन्याची फाइल, एवढं पुरे. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालतं, फाइल मात्र हवीच.

लिब्रेऑफिसच्या मोठ्या आवृत्त्या साधारण फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये येतात. तेव्हा आपली चौकट जानेवारीत आणि जुलैत छापावी, ही विनंती.

आपला,
एक डीटीपी व्यावसायिक, सातारा