मुलांना खरे सांगितले आहे

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप सौ. आई यांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय निघाला की आईचा गळा दाटून येतो आणि मग मीही दुसरेच काही बोलू लागते, म्हणून लिहून कळवते आहे. बाबांच्या आजाराविषयी आम्ही दोन्ही मुलांना सगळे सांगितले आहे. आजोबांच्या मूत्रपिंडांना रक्त स्वच्छ करण्याचे काम आता झेपत नाही, ते काम डायलिसिसचे यंत्र करते, त्यासाठी त्यांना आठवड्यातून 3 वेळा, दर वेळी साधारण 4 तास पडून राहावे लागते आणि हे पुढेही चालूच राहणार आहे, हे त्यांना आता ठाऊक आहे. आई, इतक्या कोवळ्या वयात मुलांच्या कानावर हे नको, असे तुझे म्हणणे होते आणि त्यामागची तुझी माया मला कळते. तरीही आम्ही दोघांनी विचार करून हे ठरवले, आणि ते का ठरवले हे तुम्हा दोघांना नीट समजावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आम्ही काही सांगण्याच्या आधीच एका रात्री धाकटीने मला विचारले, "मी आजोबांच्या पाठीवर बसून घोडा-घोडा खेळायचे, म्हणून देवाने त्यांना आजारी पाडले का?" कोणी तिच्याशी बोलले नव्हते, पण घरातले दबके आवाज तिला ऐकू येत होते आणि त्यांचा अर्थ तिने स्वतःच लावला होता. लहान मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारे ज्याँ पियाजे यांनी फार पूर्वी दाखवून दिले आहे की, साधारण सात वर्षांखालचे मूल जगातल्या घटनांचा संबंध सहज स्वतःशी जोडते. अशा मुलापासून आपण आजार लपवला, तर त्याची काळजी मिटत नाही. ते काळजी एकट्याने करते, एवढेच.

म्हणूनच, आई, "शहाण्यासारखी वाग, म्हणजे देव आजोबांना लवकर बरे करील" हे वाक्य तिला पुन्हा सांगू नकोस. तू ते तिला धीर देण्यासाठीच म्हणालीस, यात मला शंका नाही. पण बाबांचे डायलिसिस थांबणार नाही, आणि ते थांबले नाही की तिच्यापुढे दोनच अर्थ उरतील: एक तर आपण पुरेसे शहाण्यासारखे वागलो नाही, किंवा देवाने आपले ऐकले नाही. आप्पाकाकांच्या वेळचे तुम्हाला आठवत असेल. देवाला चांगली माणसे आवडतात म्हणून तो त्यांना नेतो, असे तेव्हा सगळेच म्हणत होते. मी त्या वर्षी इतकी हट्टी का झाले होते, ते मी तुम्हाला कधी सांगितले नाही. मला देवाच्या नजरेत फार चांगले ठरायचे नव्हते, आणि बाबा, तुम्हीही ठरू नये, असे वाटत होते.

देव आपली काळजी घेतो यावर माझी श्रद्धा आहे, ती तुम्हीच दिलेली आहे आणि मुलांनाही ती मिळावी म्हणून मी हा खटाटोप करते आहे. पण ती काळजी म्हणजे आपल्यावर संकट येणार नाही असा करार नव्हे, हे त्यांना पहिल्यापासून कळायला हवे. तुकोबांच्या घरात 1630 च्या सुमारास पडलेल्या दुष्काळात पत्नीने अन्न अन्न करीत प्राण सोडले, मुलगाही गेला, आणि तरीही विठ्ठलाला 'माउली' म्हणणे त्यांनी सोडले नाही. हे थोरल्याला सांगितले तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "त्यांना देवाचा राग नाही आला?" राग आला तर तोही देवालाच सांगायचा असतो, जनाबाईंनी विठोबाला चांगले खडसावले होते, असे मी त्याला सांगितले. मुलांना हे सांगणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ज्याच्यावर रागावता येत नाही, त्याच्याजवळ मूल रडायलाही जात नाही.

थोरल्याचा पुढचा प्रश्न असा होता की, देव यंत्राशिवाय बरे का करीत नाही. ते मला ठाऊक नाही, असेच मी त्याला सांगितले, पण यंत्राची हकीकत मात्र सांगितली. 1943 मध्ये, जर्मन सैन्याच्या ताब्यात असलेल्या नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ नावाच्या डॉक्टरांनी फिरत्या पिंपाभोवती सेलोफेनची नळी गुंडाळून पहिले उपयोगी यंत्र तयार केले. सुरुवातीचे जवळजवळ सगळे रुग्ण दगावले, तरी त्यांनी प्रयत्न सोडले नाहीत, आणि 1945 मध्ये 67 वर्षांची एक बाई त्या यंत्रामुळे शुद्धीवर आली. इतक्या अपयशानंतरही एका माणसाच्या मनात पुन्हा प्रयत्न करण्याची उमेद टिकून राहिली, त्यात मला देवाची काळजी दिसते, असे मी म्हणाले. त्याला ते पटले की नाही, हे मी अजून विचारलेले नाही.

बाबा, गेल्या वेळी तुम्ही धाकटीची बोटे तुमच्या डाव्या हातावरच्या फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिससाठी धमनी आणि शीर जिथे जोडली आहे त्या जागेवर, ठेवलीत, ते फार बरे केलेत. आतली थरथर लागताच तिने हात झटकन मागे घेतला, मग पुन्हा ठेवला आणि आत मांजर आहे का, असे विचारले. आता रोज रात्री हात जोडून ती "आजोबांचे मांजर चालू राहू दे" एवढेच मागते. ही प्रार्थना मी बदलायला सांगितली नाही.

त्या मांजराची काळजी मात्र तुम्हालाच घ्यायची आहे. रोज सकाळी उठल्यावर थरथर हाताला लागते ना, हे स्वतः तपासायचे, आणि ती लागली नाही तर कोणालाही त्रास नको असा विचार न करता त्याच क्षणी डायलिसिस केंद्रात फोन करायचा. त्या हातावर रक्तदाब मोजू द्यायचा नाही, त्यातून रक्त काढू द्यायचे नाही, त्या कुशीवर हात दाबून झोपायचे नाही आणि त्या हाताने जड पिशवी उचलायची नाही. दिवसभराचे पाणी सकाळीच मोजून ठेवायचे. यंत्रावर असताना तुम्हाला थंडी वाजते, म्हणून मऊ पांघरूण आणि मानेखालची लहान उशी पाठवते आहे. ती कपाटात जपून न ठेवता वापरा. आई, तू त्या 4 तासांत बाकावर ताटकळत बसू नकोस, घरी येऊन पाठ टेक. मी मुलांना घेऊन सुट्टीत येतेच आहे, आणि ती दोघे तुम्हाला दमवणार नाहीत, याची जबाबदारी माझी.

धाकटी फोनवर नक्की विचारील की आजोबा पूर्ण बरे होणार ना. तेव्हा घाईने हो म्हणू नकोस, आई. आजोबांची काळजी घ्यायला आपण सगळे आहोत आणि देवही आपल्याजवळ आहे, एवढेच तिला सांग. तेवढेही बोलवले नाही, तर फोन बाबांकडे दे.

तुमची,
छकुली